शेठच्या दुकानातली सीडी

हृदयाच्या नळीत चरबी साचते तसेच किस्सेही साचतात. साचताना कळत नाही, एक दिवस दम लागला की कळतं! आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींत असे बरेच साचलेत.

मंडळी म्हणजे चौघं. शांतिलालशेठ, नंदुरबारात कापडाचं दुकान, हृदयात दोन स्टेंट. रनाळ्याचे दगाजी आप्पा, बायपास. बन्सीकाका, नवापूरची पोल्ट्री मुलावर सोपवून इथे मुलीकडे राहतात, फक्त गोळ्या. आणि मी, शाळामास्तर. माझं हृदय ठणठणीत. ब्लॉक होते ते माझ्या बायकोला, शालिनीला. ती आता नाही. मंडळींत मला घेतलं ते तिच्या कोट्यातून!

•

स्टेंट श्रेष्ठ की बायपास, हा वाद रोजचा.

“माझं मनगटातून केलं,” शेठ म्हणतात. “तिसऱ्या दिवशी गल्ल्यावर!”

आप्पा शर्टाची बटणं सोडतात. छातीवर सरळ उभी रेघ. “हाई देख! पायनी नस काढी, छातीमा लायी. तुन्ही छाती ते कोरी शे, शेठ! कोण इस्वास ठेवी?”

शेठ बाही वर सारून बघतात. मनगटावरचा टिपका आता दिसतही नाही.

•

सगळ्यांत हाल बन्सीकाकांचे. अँजिओग्राफीत एकच ब्लॉक निघाला, तोही अर्धा. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, चाला, तेल कमी करा.

“बस? मग डॉक्टर बदला!” शेठ म्हणाले.

काका खरंच सुरतेला जाऊन आले. चेहरा उतरलेला.

“काय झालं?”

“तिथंही गोळ्याच!”

सगळे हसले, मीही हसलो. पण त्या दिवशी मला काकांचा फार हेवा वाटला. शालिनीला तीन ब्लॉक होते. नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही, स्टेंट की बायपास ते ठरवू, लवकर या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती घरी तिखट-मसाले करून विकायची. म्हणाली, “मिरचीचा हंगाम आटपू द्या.” मी बरं म्हटलं. हंगाम आटपायच्या आत ती गेली.

•

रोज चालताना शेठाणींचा फोन येतो. गोळी घेतली का? घाम आला का? कुठं बसून तर नाही ना राहिलात? शेठ वैतागतात. एकदा फोन माझ्या हातात कोंबला. “सर, तुम्हीच सांगा, मी चालतोय म्हणून! माझ्यावर भरवसा नाही तिचा.”

शेठ बाकावर बसले होते.

“चालताहेत, वहिनी,” मी म्हटलं.

“आणि तुम्ही?” त्यांनी विचारलं.

फोन परत द्यायला मी जरा उशीरच केला.

•

मंडळींचा एक नियम आहे. ज्याची अँजिओग्राफी झाली त्यानं सीडी घेऊन शेठच्या दुकानात यायचं, कॉम्प्युटरवर सगळ्यांनी ती पाहायची आणि त्यानं फाफडा खिलवायचा. हो, फाफडाच!

आप्पांनी घाईत घरून भलतीच सीडी उचलली. सुरू केली तर पुतण्याची वरात! बँड, घोडा, नाचणारी शंभर माणसं. सगळे बघतच राहिले.

बन्सीकाका हळूच म्हणाले, “आप्पा, हे सगळे आत होते?”

•

मग एकदा काकांनी मला विचारलं, “सर, वहिनींची सीडी असेल ना तुमच्याकडे?” आप्पांनी त्यांना कोपर मारलं.

दुसऱ्या दिवशी मी ती नेली. फाफडाही घेतला. नियम म्हणजे नियम!

शेठनी सीडी लावली. करड्या पडद्यावर काळ्या नळ्या भरल्या, रिकाम्या झाल्या, पुन्हा भरल्या. शेठ चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून पाहू लागले. इतक्या सीड्या पाहून ते आता अर्धे डॉक्टर झालेत.

“अरे, ही तर माझ्यासारखीच!” ते म्हणाले. “इथं आणि इथं. ही तर स्टेंटनं सहज...”

आणि त्यांनी पडद्यावरचं बोट मागे घेतलं.

आप्पांनी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली. फाफड्याला कुणी हात लावला नाही. शेठ चाचपडत माउस शोधू लागले. पडद्यावर शालिनीचं हृदय हलत होतं. तेच तीन-चार ठोके, पुन्हा पहिल्यापासून.

“राहू द्या, शेठ,” मी म्हटलं. “चालू द्या.”