भट्टीवाला कोट

डिसेंबरात खदानीच्या पाण्यात स्कूबाची पहिली डाइव्ह झाली अन् मी नुसती कुडकुडून राहिली होती. डाइव्ह शिकवणाऱ्या सरनं सांगूनच ठेवलं होतं, "काँपते दिखी तो दूसरी डाइव्ह कैंसल!" अन् दुसरीशिवाय मले सर्टिफिकेट भेटत नव्हतं, यार!

बाबानं प्लांटमधला आपला चंदेरी कोट आणला. "भट्टीसमोर हाच घालतो मी. घाल, बेटा."

मी तो ओल्या सूटवरच चढवला अन् काठावर पेटवलेल्या शेगडीले चिकटून बसली. आच लागतच नव्हती!

"बाबा, हा कोट आग बाहेरच ठेवते ना?"

बाबानं पायानं शेगडी आणखी जवळ ढकलली.

मी घाईघाईनं बटनं काढून राहिली होती, तेवढ्यात सर आलेच. "ठंड लग रही है क्या?"

मी नाही म्हणायले तोंड उघडलं, अन् दातच वाजले.