हातमोज्यातून बर कळत नाही

“टीबी आहे. उद्यापासून गोळ्या सुरू करा,” दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले आणि मंगलताई नवऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांची एक किडनी दीड वर्षापासून नवऱ्याच्या, दत्ताभाऊंच्या, पोटात होती.

मी किडनीच्या पेशंटांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. किडनी बदलली की प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात, नाहीतर शरीर ती परकी किडनी नाकारतं. टीबीची एक मुख्य गोळी नेमक्या याच गोळ्यांचा असर कमी करते. म्हणजे निदान चुकलं तर आजार राहणार आणि किडनी जाणार.

दत्ताभाऊंच्या डाव्या अंगठ्यावर फोड होता आणि तिथून कोपरापर्यंत रांगेत गाठी. फोडातल्या पुवात टीबीसारखे जंतू दिसले होते. मी फाइल उचलली आणि दोघांना घेऊन ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरबाईंकडे गेले.

“दिसायला सारखेच. पण टीबीच्या जंतूंचे पाण्यात राहणारे चुलतभाऊ असतात,” त्या म्हणाल्या. “कल्चर करू, जंतू वाढवून ओळख पटवू. तोवर टीबीच्या गोळ्या नकोत. हात पाण्यात असतो का तुमचा?”

“नाही मॅडम,” दत्ताभाऊ म्हणाले.

दोन दिवसांनी मी दिघीला त्यांच्या घरी गेले. चहा पिऊन झाला तरी दत्ताभाऊंचा डावा अंगठा स्टीलच्या कपाच्या कडेवरून फिरतच होता.

“बघा,” मंगलताई म्हणाल्या. “दिवसभर कंपनीत तेच, घरी माझ्या भांड्यांना तेच. एक पातेलं तर रिजेक्ट केलंय!”

“कंपनीत तेच म्हणजे? तुम्ही मशिनवर होतात ना?”

दत्ताभाऊंनी कप खाली ठेवला. म्हणाले, “ऑपरेशननंतर हलकं काम दिलं, ताई. पार्ट धुवायचे अन् बर बघायचा.”

बर म्हणजे कापलेल्या धातूच्या कडेला राहिलेलं बारीक, धारदार कुसळ. कोमट पाण्याच्या टाकीतून पार्ट काढायचा, अंगठा फिरवायचा, पुढचा घ्यायचा. आठ तास.

“ग्लोव्हज?”

“ग्लोव्हजमधून बर कळत नाही. लाइनवर कुणालाबी विचारा, माझ्या अंगठ्याखालून एक पार्ट सुटला नाही.”

“आणि डॉक्टरबाईंना नाही म्हणालात!”

“तेबी काम जमत नाही म्हटलं तर गेट दाखवतील की.”

मला कुणाला तरी फाडून खायचं होतं. पहिली मीच सापडले. आमच्या पत्रकात मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: पाणी उकळून प्या, मास्क लावा. उघड्या हाताने टाकीत शिफ्ट काढणाऱ्यासाठी एक ओळ नव्हती.

कल्चर आलं. टीबी नव्हता, पाण्यातलाच जंतू होता; बरने ओरखडलेल्या कातडीतून आत शिरलेला. डॉक्टरबाईंचं पत्र घेऊन मी चाकणला त्यांच्या कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजरसमोर बसले.

“टाकीत आम्ही केमिकल टाकतो, मॅडम. जरासुद्धा वास नाही.”

“वासावरून जंतू कळत असते तर लॅबला कुलूप लागलं असतं.”

“बाकीचे बारा जण तिथेच हात घालतात. त्यांना काय झालं?”

“त्यांच्या अंगात पोलीस चौकी चालू आहे. यांची आम्ही औषधाने बंद ठेवलीय.”

“मग घरी बसवू त्यांना?”

“याच भीतीने ते खोटं बोलले! पार्ट मोजायच्या खोलीत द्या. कोरडं काम आहे.”

“मोजमाप जमेल?”

“पंधरा वर्षं ड्रॉइंग वाचून मशिन चालवलंय त्यांनी. तुमच्याच कंपनीत.”

साहेबांनी फोन उचलला, क्वालिटीवाल्याला बोलावलं. टाकीचं पाणीही तपासायला दिलं. त्यात तोच जंतू निघाला.

दत्ताभाऊंना वेगळी औषधं कित्येक महिने घ्यावी लागली. गाठी बसल्या. मंगलताईंची किडनी ठणठणीत आहे. दत्ताभाऊ मोजमापाच्या खोलीत आहेत आणि अंगठ्याइतकी अक्कल यंत्राला नाही असं सगळ्यांना सांगतात. टाकी आता रिकामी करून घासतात. पार्ट जाळीच्या टोपलीतून बाहेर येतात, आणि बर बघतात ते पार्ट वाळल्यावर.

किडनी पेशंटला हलकं काम देणाऱ्या साहेबांना माझं एवढंच सांगणं आहे: आधी एक शिफ्ट तुम्ही ते काम करा. सुट्टी होताना हात कोरडे आणि न खरचटलेले असले, तरच द्या.