तुळशीराम मास्तरांची बैठक

"या पोरे मुका शेतस का हो?" तळोद्याच्या आमच्या बोर्डिंगात सुपरिंटेंडेंट म्हणून आल्या संध्याकाळी तुळशीराम मास्तरांनी भिंतीकडच्या गप्प मुलांकडे पाहून मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तिथे सहायक शिक्षक होतो. मास्तर प्रकाशा गावचे, साहेबलोक सोडले तर वर्गाबाहेर अहिराणीच बोलत.

अभ्यास आटोपला की जेवणापर्यंत सगळी मुले बैठकीच्या खोलीत जमत. गावाकडची मुले जाजमावर, सातपुड्यातली भिंतीला टेकून, गप्प. 'येथे शुद्ध मराठीतच बोलावे' अशी पाटी होती, आणि त्यांच्या घरी तर पावरी बोलत. धडगावकडचा जोमा एकदा पळूनही गेला होता. बापाने परत आणून सोडले.

त्या पहिल्या संध्याकाळी मास्तर त्याच्याशेजारी मांडी घालून बसले. कंदिलाकडे बोट दाखवून म्हणाले, "तुन्ही माय याले काय म्हनस?"

जोमाने पाटीकडे पाहिले. मास्तरांनीही पाहिले. उठून त्यांनी पाटी उलटी केली. "आते सांग."

जोमाने शब्द सांगितला. मास्तरांनी तो इतका वेडावाकडा उच्चारला की भिंतीकडची रांग खदखदून हसली.

मग रोज संध्याकाळी तेच. मास्तरांचे कुतूहल संपतच नसे. "असं का बरं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. एकदा अस्वल मोहाच्या झाडावर कसे चढते ते जोमा खांबाला धरून दाखवत होता आणि मास्तर मागून विचारत होते, "मंग मांगला पाय कोठे?" नेमके तेव्हाच शाळा तपासणारे दिपोटीसाहेब दारात येऊन उभे राहिले.

"मास्तर, काय चाललंय हे?"

"अस्वल कसं चढतं ते शिकतोय, साहेब. आपण कधी पाहिलंय का?"

साहेबांना उलटी पाटी दिसली. थोड्याच दिवसांत मास्तरांची धडगावला बदली झाली. घाट, हिवताप, तिकडे आपणहून कोणी जात नसे. मला फार वाईट वाटले. मास्तर मात्र ट्रंक बांधता बांधता म्हणाले, "अहो, जोमानं गाव तिकडेच शे! आते त्यानी मायलेच इचारसू." जोमाही बोचके घेऊन त्यांच्याबरोबर निघाला.

पुढच्या हिवाळ्यात तो एकटाच खाली उतरून आला. बैठकीत येऊन बसला. "मास्तर गेले. हिवताप," एवढे मराठीत म्हणाला. पुढे मराठी सुचेना, तसा पावरीत बोलू लागला. मला काही कळत नव्हते. भिंतीकडची मुले मात्र डोळे पुसू लागली.

मी एकाला हळूच विचारले, "काय म्हणतोय रे?"

तो म्हणाला, "तापात मास्तर आमच्या बोलीत पाणी मागत होते."