खिशात काय ठेवायचं

२०१६ च्या हिवाळ्यात खिशात काय ठेवायचं याचा मी इतका विचार करत होतो की बायकोला वाटायला लागलं, ह्याचं नोकरीवर काहीतरी बिनसलंय. नोकरीवर सगळं ठीक होतं. बिनसलं होतं ते रस्त्यात, आणि ते मी तिला सांगितलं नव्हतं.

आम्ही नॉर्थ यॉर्कला एका जुन्या बिल्डिंगमध्ये अकराव्या मजल्यावर भाड्याने राहायचो. तिचं ऑफिस चालत दहा मिनिटांवर. मला नोकरी मिळाली केंब्रिजला (विद्यापीठाचं नव्हे, इथलंच एक छोटं शहर), गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या प्लांटमध्ये, क्वालिटीत. हवा चांगली असली तर एका बाजूला सव्वा तास, नसली तर विचारू नका. नोकरी घेतानाच ती म्हणाली होती, "रोज त्या हायवेवर? विंटरमध्ये? मला नाही पटत." मी म्हटलं, विंटर टायर्स टाकू, सगळी दुनिया जाते. तिला ते पटलं नव्हतंच.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, कामावर जाताना, वाटेतल्या मिल्टनच्या पुढे अचानक बर्फाचा लोट आला. समोरची छोटी निळी गाडी गर्रकन फिरली आणि कडेच्या चरात तोंड खुपसून थांबली. मी शोल्डरवर, हायवेच्या कडेच्या पट्टीत, गाडी लावून धावलो. आत साठीची एक बाई होती. एअरबॅग फुटली होती, तिची पांढरी भुकटी गाडीभर उडत होती. मला तो धूर वाटला. गाडी पुढे कललेली, त्यामुळे बाईचा सगळा भार सीटबेल्टच्या पट्ट्यावर, आणि पट्टा मानेशी आवळलेला. "आय कान्ट ब्रीद," ती म्हणाली, तेही इतक्या हळू, जणू मला त्रास देत असल्याची लाज वाटत होती.

मी पट्ट्याचं बटण दाबलं. हलेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. मग खिसे चाचपले. मोबाइल, किल्ल्या, प्लांटचा बिल्ला, बडीशेपेची पुडी. मी किल्लीने पट्टा कापायला लागलो. किल्लीने! नुसते धागे विस्कटत होते. मिनिटभर असेल, दोन असतील; मला काही सांगता येणार नाही.

मागून कोणीतरी म्हणालं, "हटो भाईसाब." एक पंजाबी ट्रकवाला होता. त्याच्या किल्ल्यांना वाघनखाएवढं काहीतरी लटकत होतं, आत दडवलेलं बारीक पातं असलेलं. त्याने ते पट्ट्याला अडकवून ओढलं. पट्टा सुटला, बाई माझ्या हातांवर आली. तिला फार काही लागलं नव्हतं. आम्ही तिला ट्रकमध्ये बसवलं, अँब्युलन्स आली. जाताना ट्रकवाला माझ्याकडे बघून सहजच म्हणाला, "कुछ रखा करो, भाईसाब." मी प्लांटमध्ये चाळीस मिनिटं उशिरा पोचलो आणि कारण विचारल्यावर 'हवामान' म्हणालो. घरीही तेच सांगितलं.

त्या शनिवारी मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि पट्टा कापायचं तसलं कटर घेतलं. एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती. पण दुकानातून बाहेर पडतानाच मनात आलं, पट्टा कापला, पण दरवाजाच उघडला नाही तर? काच फोडायचं काहीतरी हवं. धूर असेल, अंधार असेल, तर टॉर्च हवा. पुढच्या शनिवारी पुन्हा गेलो. मग घडीची पक्कड आणली, जिच्या दांड्यांत दोन स्क्रूड्रायव्हर, कानस, कात्री असं सगळं मिटवलेलं असतं. ती खिशात जड झाली. जीन्सचा खिसा ओघळला. ती परत करून तिच्यापेक्षा लहान आणली. लहान पकडीला जोरच नव्हता. तीही परत केली आणि मधल्या मापाची घेतली, सोबत घडीचा एक चाकूही.

मी रात्री झोपायच्या आधी नाही, सकाळी कॉफी पिताना नाही, तर भर मीटिंगमध्ये हा विचार करायचो. डाव्या खिशात टॉर्च, उजव्यात पक्कड. की उलट? प्लांटमध्ये स्वतःचं उघडं पातं खिशात चालत नाही, त्यामुळे रोज गेटपाशी गाडीतच काही वस्तू काढून ठेवायच्या, संध्याकाळी पुन्हा खिशात घालायच्या. एखादी राहिली की मी पार्किंगमधून बाहेर पडलेली गाडी वळवून परत आणायचो, काही गरज नसताना. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मी पक्कड ठेवून बघत होतो, तेव्हा बायको म्हणाली, "त्यावर मी पीठ मोजते. चाललंय काय तुझं?"

"काही नाही गं. हलकी बघतोय."

"खिसा आहे की टूलबॉक्स?"

आमची दहा वर्षांची मुलगी सोफ्यावरून न बघताच म्हणाली, "बाबा जिंगल्स व्हेन ही वॉक्स." दोघी हसल्या. मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी किल्ल्या आणि कटर वेगवेगळ्या खिशांत घातले, आवाज होऊ नये म्हणून.

एप्रिलमध्ये सासू-सासरे ठाण्याहून सहा महिन्यांसाठी आले. सासऱ्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणायचो. ते वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात फिटर होते, आयुष्यभर मशीन दुरुस्त केलेला माणूस. आता शुगर होती, जेवणाआधी इन्सुलिन घ्यायचे; घेतल्यावर वेळेत जेवले नाहीत तर शुगर खाली जायची. माझ्याशी कायम अहो-जाहो, मोजकंच बोलणं. माझी खिशांशी चाललेली चाळवाचाळव त्यांनी पहिल्या आठवड्यातच बघितली असणार. विचारलं मात्र नाही.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी बायको, सासूबाई आणि मुलगी ग्रोसरीला गेल्या होत्या. अण्णांनी इंजेक्शन घेतलं, मी आमटी गरम करायला ठेवली, ते हात धुवायला वॉशरूममध्ये गेले. थोड्या वेळाने आतून दार खडखडायला लागलं.

"जावईबापू, हे उघडत नाही."

मी बाहेरून गोल मूठ फिरवली. ती नुसतीच गरगर फिरली. मुठीतल्या बारीक भोकात तार घालून दाबली. लॉक सुटल्याचा आवाज आला, पण दार तसंच. आतलं काहीतरी मोडलं होतं. बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या सुपरिंटेंडंटला मी फोन लावला, मेसेज ठेवा म्हणून उत्तर आलं. बिल्डिंगच्या दुसऱ्या नंबरवरची मुलगी म्हणाली, माणूस तासाभरात येईल.

"तासाभरात कसं चालेल? मी इंजेक्शन घेतलंय," अण्णा आतून म्हणाले. आवाज शांत होता. माझाच शांत नव्हता.

"नाइन वन वन करतो."

"थांबा जरा. दार तोडायला फायरवाले कशाला? आधी बघू."

मी सगळे खिसे जमिनीवर रिकामे केले. पक्कड, काच फोडायचा टोकदार ठोकळा, कटर, टॉर्च, घडीचा चाकू. तीन महिने निवडून निवडून जमवलेला माल, आणि बाहेरच्या बाजूला एकही स्क्रू नाही! दाराच्या बिजागऱ्याही आतल्या बाजूला. पकडीने मूठ पिळली तर ती फक्त ओरखडली. हातांना घाम आला होता. निळ्या गाडीपाशी सुटला होता तसाच.

"आधी मला काहीतरी गोड द्या," आतून आवाज आला. "फटीतून जाईल असं."

दाराखाली बोटभरही फट नव्हती. मी ड्रॉवर उघडला. कॉफीच्या दुकानांतून येताना सासूबाई साखरेच्या कागदी पुड्या आणायच्या आणि आम्ही त्यांना त्यावरून चिडवायचो. मी एकेक पुडी चपटी करून आत सरकवली. सहा-सात पुड्या. आतून कागद फाटल्याचा आवाज ऐकू आला, मग नळाचा.

"हं. आता ऐका. स्क्रू माझ्या बाजूला आहेत, दोन. वर रंग थापलाय. बारीक स्क्रूड्रायव्हर आहे का? आधी चपटा, मग स्टार."

पकडीत दोन्ही होते. मी ती फटीला लावली. जाईना. आडवी, उभी, तिरकी; तिची जाडीच जास्त होती. मग आठवलं, जॅकेटच्या आतल्या खिशात पेनासारखा एक स्वस्तातला स्क्रूड्रायव्हर पडला होता. त्याचं टोक उपसून उलटं लावता यायचं, एका बाजूला चपटं, एका बाजूला स्टार. फारच साधा वाटला म्हणून मी तो परत करणार होतो, पावतीसुद्धा त्याच खिशात होती. तो फटीत घातला आणि ढकलला. एकदा अडला, मग गेला.

"मिळाला," अण्णा म्हणाले.

पुढची दहा मिनिटं मी दाराला कान लावून बसलो. खरवडण्याचा आवाज. थांबले की मी हाक मारायचो. "अण्णा?"

"आहे, आहे. रंगाचे चार थर दिलेत लेकाच्यांनी. बोलत राहा तुम्ही, म्हणजे तुमचंही बरं."

मला काही सुचेना. आमटी उतू जातेय, एवढंच मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, जाऊ द्या, गॅस बंद करून या. मी बंद करून परत आलो. तेवढ्यात माझ्या बाजूची मूठ सुटून पायाशी पडली, भोकातून त्यांचं बोट दिसलं. त्यांनी आतली पट्टी मागे ओढली आणि दार उघडलं. कपाळावर घाम, ओठाला साखर. मी त्यांना धरून टेबलाशी नेलं आणि भात वाढला. ते जेवायला लागले. निम्मं जेवण झाल्यावर त्यांच्या कपाळावरचा घाम ओसरला.

मग त्यांनी जमिनीवर पसरलेल्या वस्तूंकडे बोट दाखवलं. "हे सगळं कशासाठी?"

मी सांगितलं. बर्फ, निळी गाडी, किल्लीने कापायला घेतलेला पट्टा, सगळं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो. क्रम चुकत होता, मी मागे जाऊन पुन्हा सांगत होतो.

"त्या बाईला काही झालं का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही. ठीक होती."

"आणि तुम्हाला काय झालं?"

मी ताट उचलून सिंककडे गेलो आणि नळ सोडून तिथेच उभा राहिलो. मागून ते म्हणाले, "आज तिला सांगा. मी सांगणार नाही, पण तुम्ही सांगा."

बायको आली तेव्हा वॉशरूमच्या दाराला मुठीच्या जागी नुसतं भोक होतं. आधी त्याची चौकशी झाली, मग सासूबाईंनी अण्णांची शुगर मोजली, मग बेडरूमचं दार लावून मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, पिशवीतली कोथिंबीर तिच्या हातातच होती.

"तीन महिने?" ती म्हणाली. "तीन महिने मी समजतेय की तुला माझ्याशी बोलावंसं वाटत नाही."

"तू नोकरी सोड म्हणाली असतीस."

"म्हणाले असते! मग? तू नाही म्हणाला असतास. भांडलो असतो. त्यात काय?"

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी, मी बूट घालत असताना, म्हणाली, "पोचल्यावर मेसेज करायचा. रोज. मीटिंग असली तरी." मी केला. त्यानंतरही रोज केला.

नवीन मूठ अण्णांनीच बसवली, सुपरिंटेंडंट बघत उभा असताना. माझ्या वस्तूंमधून त्यांनी बऱ्याचशा बाजूला काढल्या आणि त्या मी कामावरच्या लोकांना देऊन टाकल्या. कटर गाडीत आरशापाशी अडकवलं. खिशात टॉर्च आणि पेनासारखा स्क्रूड्रायव्हर, बास. चैन लगेच पडलं नाही. कितीतरी दिवस चालता चालता हात रिकाम्या खिशाकडे जायचा, काहीतरी विसरलं असं वाटून.

त्या सप्टेंबरात बायकोने व्हिटबीतल्या एका छोट्या कंपनीची जाहिरात मला पाठवली. सोबत एक शब्दही लिहिला नव्हता. पगार कमी होता, रस्ता अर्धा. मी आठवडाभर तो ईमेल उघडून बंद करत राहिलो, मग अप्लाय केलं. अण्णा आणि सासूबाई ऑक्टोबरात परत गेले, त्याच आठवड्यात मला ऑफर आली. मी ती घेतली.