पाण्याचा दिवस नव्हता

या सदरात लोक जे लिहितात ते मी दुपारी जेवताना वाचते, आणि बहुतेक वेळा हसते. कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाच्या मागे पैंजण वाजतात... मी ख्रिस्ती घरातली. करणी, भानामती, भूतबाधा – असलं काही नसतं हेच आम्हाला लहानपणापासून शिकवलं. आणि ज्या दिवसांतलं मी सांगणार आहे, तेव्हा तर माझा देवावरही विश्वास उरला नव्हता. म्हणजे तो आहे एवढं मान्य होतं. नाहीतर भांडणार कोणाशी?

आधीच सांगून ठेवते. हे वाचून खाली कोणी 'आमेन' लिहू नका. 'ताई, हा चमत्कारच' असंही लिहू नका. मला राग येतो.

धुळ्यात देवपूरला आमचं घर. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्याखाली हौद आणि कोपऱ्यात नळ. मी घरीच ब्लाऊज शिवते. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. ज्या दिवशी यायचं त्या दिवशीही नक्की कधी, ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून सगळी गल्ली नळ उघडा टाकून कान देऊन बसते. पाण्याच्या आधी नळातून हवा येते. त्या हवेचा आवाज ज्याला आधी ऐकू आला त्याचा हौद भरला.

माझा नवरा सुनील वायरमन होता, डोकं भारी तिरकं चालायचं त्याचं. मुलीच्या जुन्या खेळण्यातली प्लास्टिकची शिट्टी त्याने सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याने नळाच्या तोंडात बसवली. हवा आली की शिट्टी वाजायची. आधी बारीक, घशात काहीतरी अडकल्यासारखी, आणि मग एकदम लांब. पाण्याला जोर आला की ती उडून बादलीत पडायची. गल्ली आधी हसली, मग तशीच शिट्टी दोघांनी बसवून घेतली. मशीन कितीही खडखडत असलं तरी मला आमच्या शिट्टीचा पहिला बारीक आवाज कळायचा. माझी सासू – आम्ही सगळे तिला माय म्हणतो, घरात अहो-जाहो नाही – ती मूळची शिरपूरकडची, अहिराणीतच बोलते; म्हणायची, "हाई पोरना कान नही शेतस, मांजरना कान शेतस!"

मग सुनीलला हार्टचा त्रास झाला. नाशिकला अँजिओप्लास्टी झाली, घरी आणला, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. लेंटचे दिवस होते. ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस आमच्यात उपवासाचे, प्रार्थनेचे. मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांनी, सुनीलसाठी साखळी प्रार्थना ठेवली. दुपारपासून एकापाठोपाठ एक गट. चर्चमध्ये माइक, ढोलक, खंजिरी, आणि सगळे एकदम मोठ्याने – देवाला ऐकू जातं की नाही अशी शंका असल्यासारखे. मी आणि माय जायला तयार नव्हतो. सुनीलच म्हणाला, "जा ना दोघी. माझ्यासाठीच चाललंय, आणि तुम्हीच नाही? मी झोपतो."

मी त्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडले. प्रभु, याला वाचव. प्रभु, याला सोडू नको. शेवटी आवाज निघेना, तर शेजारची म्हणाली, "अजून मोठ्याने, एस्तेर."

घरी आलो तर सुनील ओट्यावर पडला होता. बादली आडवी, हौदाचं झाकण उघडं, नळ धो धो वाहत होता. पाणी आलं होतं. शिट्टी वाजली, आणि घरात दुसरं कोणी नाही म्हणून तो उठला. हौदाचं लोखंडी झाकण त्याने एकट्याने सरकवलं.

तो गेला होता.

त्यानंतर जे येत गेले ते सगळे एकच वाक्य घेऊन आले. देवाची इच्छा. जणू सगळ्यांना एकाच दुकानातून कापून दिलं होतं. एका बाईला मी तोंडावर म्हटलं, "मग आपण दुपारभर कोणाच्या इच्छेविरुद्ध ओरडत होतो?" मंडळीत बोललं गेलं, एस्तेरचं डोकं फिरलंय. फिरलंच होतं. दफनानंतर मी ओट्यावर पडलेली ती शिट्टी उचलली आणि पुलावरून पांझरेत फेकली. नदीला पाणी नव्हतंच, चिखलात पडली. रुतताना मी डोळ्यांनी बघितली, हे लक्षात ठेवा.

वर्ष गेलं. मुलगी आधीच लग्न होऊन सुरतेला गेलेली, घरात मी आणि माय. पुन्हा लेंट आला. आमच्या चर्चमध्ये नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले होते, वयाने माझ्यापेक्षा लहान, हळू बोलणारे. पहिल्याच रविवारी त्यांनी सांगितलं, "या लेंटमध्ये मटण सोडलं नाही तरी चालेल. बोलणं सोडू या. दर बुधवारी दुपारी बहिणींनी अर्धा तास चर्चमध्ये नुसतं बसायचं. गाणी नाहीत, माइक नाही, मागणं नाही. फक्त ऐकायचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा माणूस जाईपर्यंत तुमचे माइक बंद होत नव्हते, आणि आता तुम्हाला शांतता सुचली? मी दारातच त्यांना गाठलं. "पाळकसाहेब, ऐकायला तो बोलतोय कुठे?"

ते म्हणाले, "मलाही नेहमी ऐकू येत नाही ताई. पण बसा."

हे उत्तर आहे का? मी घरी येऊन मायसमोर सगळी भडास काढली. मी जाणार नाही म्हटलं. माय तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू नळ कसा आयकस? नळले आवाज देस का, ये रे बा पानी, ये रे बा पानी?"

"नळाचं काय मधेच?"

"चूप बसस, कान देस. तसंच बैस. देव काय बहिरा नही शे, कितली बोंबलस त्याना नावनी!"

"आणि तू?"

"मन्हा गुडघा दुखस. तू जाय."

तिचा मुलगा गेला होता, माझा नवरा. तिच्या शब्दाबाहेर जाववेना. गेले.

शांत बसणं म्हणजे काय ते मी सांगते. पंख्याची करकर. कोणाचं तरी पोट गुरगुरतं. कोणाचा मोबाइल वाजतो आणि ती बाई पर्समध्ये शोधत राहते. आणि मी – मी मनातल्या मनात देवाला शिव्या घालायचे. खरंच. सुनीलच्या तोंडून ऐकलेल्या सगळ्या. पाळक म्हणाले होते मागू नका, शिव्या देऊ नका म्हणाले नव्हते. पहिल्या बुधवारी अर्धा तास पुरला नाही. पुढे पुढे शिव्या संपल्या. राग संपला नाही हं, शब्द संपले. मग नुसता राग घेऊन बसायचे, गाठोडं मांडीवर घेऊन एसटीत बसावं तसं.

अशाच एका बुधवारची गोष्ट. बाहेर रणरणतं ऊन. आम्ही आठ-नऊ बायका. पंखा बंद होता, लाइट गेली होती. त्यामुळे पहिल्यांदाच खरी शांतता झाली. मी काहीच म्हणत नव्हते. शिवीही नाही, प्रार्थनाही नाही.

आणि शिट्टी वाजली.

आधी बारीक, घशात अडकल्यासारखी. मग लांब.

मी उठले. विचार केला नाही, सवयच ती – पाणी आलं की उठायचं. शेजारच्या बाईने हात धरला, तो झटकला. चर्च ते घर चालत दहा मिनिटं, मधे एसटी-ट्रकचा मोठा रस्ता. चर्चमधून आमचा नळ ऐकू येणं शक्यच नाही, हेही तेव्हा सुचलं नाही. डोक्यात एवढंच, की आज पाण्याचा दिवस नव्हता, मग मेलं आज कसं आलं, आणि माय झाकण सरकवायला जाईल.

रस्ता ओलांडला आणि पाय थांबले. शिट्टी तर मी पांझरेत फेकलीय.

लोकांना अशा वेळी भीती वाटते म्हणे. मला संताप आला. वाटलं, कोणीतरी माझी थट्टा करतंय. सुनीलच्या शिट्टीसारखी शिट्टी आणून कोणी वाजवतंय. जो असेल त्याला ओट्यावरच धरते आणि चपलेने हाणते, अशी मी उरलेलं अंतर पळत गेले.

ओट्यावर कोणी नव्हतं. बादली कोरडी, तळाला धूळ. नळाला हात लावला तर चटका बसला, इतका तापलेला. तोंड मोकळं. दोन्ही शेजाऱ्यांचे नळही कोरडे. मी ओरडले, "माय, कोण आलं होतं गं?"

उत्तर नाही.

माय स्वयंपाकघरात भिंतीला टेकून घसरली होती. डोळे अर्धे उघडे, अंग घामाने थंडगार, हाक मारली तर नुसतं हुं. शेजारी शुगरच्या गोळ्यांचं पाकीट. आणि ताटाखाली झाकलेली भाकरी-भाजी, मी सकाळी ठेवली तशीच. गोळी घेतली होती, जेवली नव्हती.

समोरच्या कोकिळाबाईंनी रिक्षा थांबवली. दोघींनी तिला उचलून दवाखान्यात नेलं. शुगर एकदम खाली गेली होती. ग्लुकोज लावलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर बघितलंत. संध्याकाळपर्यंत अशाच राहिल्या असत्या तर अवघड होतं." मी एरवी त्या सभेनंतर बाजारात जाऊन अस्तर, बटणं घ्यायचे. घरी यायला संध्याकाळच व्हायची.

माय बोलायला लागल्यावर मी तिच्यावर तोफच डागली. "जेवली का नाहीस? आधी तो गेला, आता तू जातेस का? मला एकटीला ठेवून?"

ती म्हणाली, "उपास धरेल व्हता."

"कशासाठी? तुला शुगर आहे, अक्कल आहे का?"

"दर बुधवारे धरस. तुन्हा राग उतरो म्हनीसन."

गुडघा दुखतो म्हणून घरी राहायची ती. मी तिकडे देवाला शिव्या घालत बसायचे आणि ही इकडे उपाशी. मला रडूही आलं आणि तिला दोन ठेवून द्याव्या असंही वाटलं. मी तिला शिट्टीचं सांगितलं. ती जराही दचकली नाही. "सुन्यानीच वाजाडी व्हई," म्हणाली, आणि झोपून गेली.

माझा भाऊ जळगावला पाइपलाइनची कामं घेतो. तो म्हणाला, "रिकाम्या लाइनीत हवा सरकते ताई, वाजलं असेल काहीतरी." मी म्हटलं, शिट्टीशिवाय? दहा मिनिटांवर? आणि बाकीच्या बायकांना कसं नाही ऐकू आलं? मी एकेकीला विचारलं, कोणीच काही ऐकलं नव्हतं. मग तो म्हणाला, मनाचा खेळ. असेल. मला शिट्टी रोज आठवते, पण ती कधी वाजत नाही. नेमकी त्याच दुपारी मनाला खेळायची हुक्की आली का?

पाळक दवाखान्यात आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग मीच विचारलं, जे मला तेव्हापासून आतून खात होतं ते. "साहेब, सुनील गेला त्या दिवशी तर शिट्टी खरंच वाजली होती. नळात होती. पाणी आलं होतं. मी त्याच चर्चमध्ये होते, त्याच बाकावर. मग त्या दिवशी मला का ऐकू आली नाही?"

त्यांनी उत्तर द्यायला नको होतं. चांगला माणूस, पण तरुण. म्हणाले, "ताई, त्या दिवशी तिथे सगळेच बोलत होते."

मी त्यांना बाहेर काढलं. अक्षरशः. नर्स बघायला आली.

कारण मला विचारून बघा हे वाक्य घेऊन जगायचं म्हणजे काय. माझा माणूस वाचावा म्हणून मी ओरडत होते. त्याचाच जीव मागत होते. आणि माझ्याच ओरडण्याखाली, ढोलकाखाली, माइकखाली ती शिट्टी वाजून गेली? देव बोलत नाही म्हणून मी वर्षभर चिडले होते. तो राग सोपा होता. तो बोलतो, हे कळल्यावर जो राग येतो त्याला तळच नाही.

आता माय बरी आहे. बुधवारी मी तिला समोर बसवून जेवायला घालते, मगच निघते. दर लेंटमध्ये मी त्या सभेला जाते, एकही चुकवत नाही. त्याच बाकावर बसते, हालत नाही. मंडळीतल्या बाया म्हणतात, "एस्तेर किती शांत झाली गं." शांत? मी धरणं धरून बसलेय.

ती शिट्टी कोणी वाजवली, मला माहीत नाही. सुनीलने, देवाने, की माझ्याच कानांनी – कोणाचंच स्पष्टीकरण मला पटलेलं नाही. पुन्हा कधी ती ऐकूही आली नाही. बसले की मी मनात एकच प्रश्न विचारते, एकदाच. माझ्या मायसाठी तुला दहा मिनिटांवरून, नसलेली शिट्टी वाजवता आली. मग त्या दिवशी, माझा आवाज बुडेल इतक्या मोठ्याने बोलायला तुला काय झालं होतं?

एवढं विचारते आणि गप्प बसते. माझं बोलून झालंय. आता पाळी त्याची आहे.