पहिलीपासून चौथीपर्यंतचा मार

गाव सोडलं त्या सकाळी मी दाराची चौकट धरून बसले होते. सामान बैलगाडीत चढलं, धाकटा भाऊ चढला, मी काही हात सोडेना. मायने बोचक्यातून लाटणं काढलं आणि माझ्या बोटांवर हाणलं. "चाल वं, गाडी चुकी जाई!" अंमळनेरच्या स्टेशनापर्यंत मी बोटं तोंडात धरून रडत होते, आणि शेजारी माय माझ्यापेक्षा जास्त रडत होती. आबा वर्षभर आधीच सुरतेला गेले होते, बमरोलीत कापडाच्या लूमवर. गावी राहिलेले तुम्ही अजून म्हणता, पोरगी गेली ती तोंडातून शब्द न काढता गेली. कुठून काढणार? तोंडात बोटं होती.

बमरोलीच्या खोलीत भिंतीपलीकडे लूम चालायचे. त्या खडखडाटात कुणाला काही ऐकू यायचं नाही, म्हणून सगळी गल्ली ओरडून बोलायची आणि ओरडून भागलं नाही की हात चालायचे. आबा बारा तासांची पाळी करून यायचे तेव्हा त्यांचे कान बंद असत. आम्ही एकदा हाक मारायचो, दोनदा मारायचो, तिसरी हाक त्यांना शिवीसारखी लागायची आणि थप्पड बसायची. गावी त्यांनी कधी आमच्या अंगाला बोट लावलं नव्हतं. सुरतेने आमच्या बापाला पगार दिला आणि हा हातही दिला.

शाळा सिस्टरांची होती, गुजराती माध्यमाची, क्रूस असलेल्या फाटकाची. मी गावी दुसरी पास झालेली, पण गुजराती येत नाही म्हणून मला पुन्हा पहिलीत बसवलं. माझ्या कमरेएवढ्या पोरांमध्ये मी घोडी! ती माझ्या बोलण्याची नक्कल करायची. मी दोघांना बदडलं, मग करेनाशी झाली. कोकिला तेवढी घाबरली नाही. तिच्या बापाचा शाळेजवळ पानाचा गल्ला, म्हणजे टपरी होती. तिने मला कक्को, म्हणजे गुजराती मुळाक्षरं शिकवली, आणि तिच्या वाटेला जाणाऱ्याला मी ठोकून काढायचे. तिसरीपर्यंत आम्ही एका बाकावर बसत आलो. ती नसती तर मी त्या शहरात वेडी झाले असते, हे आज सरळ सांगते.

आता आखाजीचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. खानदेशातल्या तुम्हांला सांगायला नको, पण इकडे सुरतेत जन्मलेल्या पोरांना ठाऊक नाही. आमच्या गावी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बार व्हायचा. नदीच्या या काठी आमच्या बाया, त्या काठी पलीकडच्या गावच्या. हातवारे करून एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, खडे भिरकावायचे आणि मग घरी जाऊन पुरणपोळी खायची. राग धरायचा नाही. फक्त पलीकडून उत्तर यायलाच हवं. उत्तर आलं नाही तर तो अपशकुन, म्हणजे नातं तुटलं.

सुरतेत प्लेगची पळापळ झाली त्याच्या आदल्या वर्षी आखाजी एप्रिलातच आली. परीक्षा तोंडावर होती, गावी जाणं नव्हतं. शाळेच्या मागे एक नाला होता. मधल्या सुट्टीत मी कोकिलाला पलीकडे उभं केलं आणि अलीकडून सुरू झाले. "तुना माहेरले आग लागो!" ती हसली. "शुं बोले छे?" मी आणखी चार हासडल्या. ती नुसती बघत राहिली. मी खडा मारला, तिच्या फ्रॉकला लागला. तिचं हसू गेलं, पण उत्तर नाही. मला भीती वाटायला लागली, खरीखुरी भीती, की ही बोलत नाही म्हणजे आमचं तुटलं. ती बोलावी म्हणून मी मोठा दगड उचलला.

तो तिच्या भुवईवर बसला. भुवई उघडून आतलं पांढरं दिसलं आणि मग डोळा रक्ताने भरला.

त्याच्या आधीच्याच हिवाळ्यात शहरात दंगल झाली होती. शाळा कित्येक दिवस बंद होती. दगड हा शब्द तेव्हा सुरतेत साधा राहिला नव्हता. मोठ्या सिस्टर, आमच्या मुख्याध्यापिका, केरळच्या, हिंदी-गुजराती मिसळून बोलायच्या. त्यांनी आबांना बोलावलं. आबा पाळी सोडून आले, अंगावर सुताची पिसं तशीच. त्यांनी काही विचारलं नाही. पायातली चप्पल काढली आणि सिस्टरांच्या टेबलासमोर मला मारायला सुरुवात केली. "सिस्टरजी, आप भी मारो. चमडी तुम्हारी, हड्डी हमारी." सिस्टर मध्ये पडल्या तेव्हा एक फटका त्यांच्या मनगटावर बसला. आबा चप्पल टाकून भिंतीला टेकले आणि त्यांनी सिस्टरांना हात जोडले. तेव्हा मला कळलं, हा माणूस रागावलेला नाही, घाबरलेला आहे.

बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "नाव कापं तर तुले गावले धाडी दिसू."

म्हणजे बघा, शाळेने नाव काढलं की गाव. तीन वर्षं जे मागत होते ते आयतं पुढे आलं होतं. काही न करता मी घरी जाऊ शकत होते. आणि मला रात्रंदिवस एकच दिसत होतं, कोकिलाचा डोळा.

सिस्टरांनी शिक्षा दिली ती अशी. चार दिवस चार वर्गांत मागे उभं राहायचं आणि पाचव्या दिवशी येऊन सांगायचं, कुठल्या वर्गात काय शिकवतात. नीट सांगितलं तर शाळेत राहशील, नाहीतर दाखला.

पाचव्या दिवशी मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. ठरवून काही बोलले नाही, पाहिलं तेवढं सांगितलं. पहिलीत कक्को शिकवतात, मातीची वांगी करायला शिकवतात, आणि आवाज न करता रडायला शिकवतात. आवाज आला की लाकडी पट्टी पुन्हा पडते. दुसरीत पाढे शिकवतात आणि चुगली. मॉनिटर फळ्यावर नावं लिहितो, ज्याचं नाव त्याची बोटं. तिसरीत घड्याळ, नकाशातली तापी, आणि खोटं बोलणं. खरं बोलणाऱ्याला आधी मार बसतो. चौथीत मोठे भागाकार, आणि लहान पोरांना खूण दिसणार नाही अशा जागी मारायला. चौथीची मुलं नळामागे दंगल खेळतात. एकजण पोलीस होतो, त्याला सगळे मारतात.

"और क्षमा? प्रार्थना में रोज सिखाते हैं ना?" सिस्टरांनी विचारलं.

"बोलतात, सिस्टर. शिकवत नाहीत."

त्यांनी मनगटावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मैं भी मारती हूँ?"

हो म्हटलं तर दाखला, नाही म्हटलं तर तिसरीत शिकलेलं खोटं. "तमे पण," मी म्हणाले.

त्यांनी दाखला दिला नाही. शाळेतल्या पट्ट्या काही थांबल्या नाहीत, उगाच गोड शेवट नको. पण त्यानंतर मोठ्या सिस्टरांनी हात उगारलेला मी पाहिला नाही.

कोकिला आठवड्याने आली. भुवईवर तीन टाके होते, डोळा वाचला होता. प्रार्थनेच्या वेळी सिस्टरांनी आम्हां दोघींना पुढे बोलावलं. तिने हात पुढे केला, "माफ कर्युं" म्हणाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो हात मेलेल्या माशासारखा होता. मग ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. चार दिवस तिने माझ्याकडे पाहिलं नाही. एवढा मार खाल्ला होता मी, लाटण्याचा, पट्टीचा, चपलेचा. पण त्या माफीसारखं काही लागलं नाही. घरी मायच्या मांडीत डोकं खुपसून मी म्हणाले, चल, गावी जाऊ. माय म्हणाली, "तुले उत्तर येनं अजून बाकी शे, पोरी. थांब." मला वाटलं, मायला काही कळत नाही.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी पायरीवर एकटी बसले होते. मागून कोकिला आली. तिने पत्र्याची कंपासपेटी दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, पुढचा दात हलला. ती धापा टाकत उभी होती, रडत होती, आणि तिला ठाऊक होत्या तेवढ्या सगळ्या गुजराती शिव्या माझ्या बापापासून माझ्या गावापर्यंत देत होती. मी तोंडातलं रक्त थुंकलं आणि माझ्याकडच्या उरलेल्या अहिराणीत दिल्या. शिव्या संपल्यावर ती माझ्या शेजारी बसली.

"हवे बोल," ती म्हणाली. आता बोल.

आज मी सुरतेतच कोसाडला राहते, दुसरीला शिकवते, आणि माझ्या वर्गात पट्टी नाही. हा प्रसंग मी मुलांना सांगत नाही. त्यातून ती भलतंच शिकतील. पण तुम्ही पत्रातून, फोनवर विचारता, तुझं घर आता कुठलं, ते गाव की ही सुरत? माफ करून विसरून जाणारी माणसं मला दोन्हीकडे भेटली. घर मात्र मी त्यालाच म्हणते, जिथे माझ्यावर चिडून कुणीतरी परत आलं. कोकिला आता बारडोलीला असते. परवा मी तिच्या मुलीच्या साखरपुड्याला उशिरा पोचले, तर दारातच सगळ्या पाहुण्यांसमोर तिने माझ्या सात पिढ्या काढल्या, अहिराणीत.