बारशाआधीचं अस्वलाचं नाव

इथं परदेशात, चँडलरच्या हॉस्पिटलात माझं बाळ काचेच्या पेटीत होतं, सातव्या महिन्यातच आलेलं, तळहाताएवढं, आणि मला मात्र डिस्चार्ज मिळाला, म्हणजे मी रिकाम्या हातानं घरी जायचं. तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यात जन्मदाखल्याच्या फॉर्मवाली बाई आली, म्हणाली, नाव लिहा. माझी शाळा नववीपर्यंत, इंग्रजी कळतं पण बोलताना घाम फुटतो. कसंबसं सांगितलं, आमच्यात नाव बाराव्या दिवशी, बारशाला, ते पण आत्या ठेवते, मी नाही. खरी भीती सांगितलीच नाही. माझी पहिली मुलगी आठव्या दिवशी गेली होती, बिननावाची.

पेटीपाशी एक वयस्कर नर्स होती. तिनं कपाटातून जुनं पुस्तक काढलं, केल्टिक नावांचं, तिच्या आजीकडच्या लोकांची फार फार जुनी नावं. एकावर बोट ठेवून म्हणाली, "याचा अर्थ अस्वल." मला माझे मोठे काका आठवले. त्यांच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून त्यांचं नाव दगडावरून ठेवलेलं, यमानं ढुंकून बघू नये म्हणून. ऐंशी वर्षं जगले, शिव्या देत.

ठरवलं, हेच नाव लिहायचं, आणि नवऱ्याला ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, "यार, आधी ताईला विचार, नाहीतर जन्मभर ऐकावं लागेल."

मग नागपूरला नणंदेला लावला.

"अस्वल?" ताई ओरडल्याच. "अगं, आमच्या घरात एक आहे की, तुझा नवरा! आणि माझा मान? मी इथं कुंची शिवून बसलेय नि तू परस्पर नाव ठेवतेस?"

"ताई, बारा दिवस कुठले? हा पण बिननावाचा गेला तर?"

 ताई हळूच म्हणाल्या, "फोन त्याच्याजवळ धर."

नर्सनं पेटीची खिडकी उघडली, मी बाहेरूनच स्पीकर लावला. ताईंनी कुर्रर्र केलं, आणि ते अवघड नाव अडखळत म्हटलं. बाळ झोपलेलंच. फॉर्मवर मी एकेक अक्षर पुस्तकात बघून उतरवलं.

बाराव्या दिवशी तो पेटीतच होता, पण होता. वरची 'बेबी बॉय' चिठ्ठी काढून नर्सनं त्याचं नाव चिकटवलेलं. ताईंनी फोनवर परत कुर्रर्र केलं. म्हणाल्या, "हे खरं बारसं. आधीचं धरायचं नाही, कळलं का?"

मी हो म्हटलं की नाही आठवत नाही, खुर्चीतच झोप लागली.